मुंबईच्या रस्त्यावर जुन्या गाड्या कशा शोधायच्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी मुंबईच्या गल्ल्या पायी फिरून जुन्या गाड्या बघणं हा माझा छंद आहे, आणि हल्ली बरीच नवीन मुलंमुली विचारायला लागलीत की नेमकं जायचं कुठे, बघायचं काय, आणि गाडी कुठल्या सालची हे कळतं कसं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. इथे विषय रॅलीत येणाऱ्या, पॉलिश मारलेल्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा नाहीये. त्या छानच असतात पण त्यांना त्यांचे मालक, ड्रायव्हर, गॅरेज सगळं आहे. मला इंटरेस्ट आहे तो बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या, कोणीतरी काकांनी चाळीस वर्षं ऑफिसला नेलेल्या गाडीत. या गाड्या झपाट्याने कमी होतायत. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर थेट बंदीचा आदेश निघाला, मुंबईत तसं नाही, इथे १५ वर्षांनंतर गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी रिपासिंग करता येतं, म्हणजे कायद्याने गाडी जगू शकते. पण समुद्राची खारी हवा पत्रा खाते, आणि जे उरतं ते रिडेव्हलपमेंट संपवतं. बिल्डिंग पाडायला काढली की कंपाउंडमधली गाडी भाड्याच्या घरी न्यायला पार्किंग नसतं, मग भंगारवाला येतो. त्यामुळे बघायचं असेल तर आत्ताच बघा.

१. सोबत काय लागेल

फार काही नाही:

- फोन, पूर्ण चार्ज केलेला. वेगळा मोठा कॅमेरा शक्यतो नको, तो बघून वॉचमन लगेच उठतो.
- एक छोटी वही आणि पेन. फोनमध्ये टाइप करत उभं राहण्यापेक्षा वही बरी.
- एमपरिवहन, म्हणजे गाडीच्या नोंदणीची माहिती देणारं सरकारी ॲप, त्याचा उपयोग पुढे सांगतो.
- कुठलंही एक ओळखपत्र, काही सोसायट्यांच्या गेटवर विचारतात.
- पाणी, टोपी, चालायचे बूट.

गाडी घेऊन जाऊ नका. गल्लीत पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते आणि चालवताना बाजूला उभं असलेलं काहीच दिसत नाही. लोकलने जा आणि चाला.

२. कधी जायचं

रविवारी सकाळी सात ते साडेनऊ. रस्ते मोकळे असतात, डबल पार्किंग नसतं आणि ज्यांच्याकडे चालू कंडिशनमधली जुनी गाडी आहे ते बहुतेक लोक याच वेळी ती थोडी फिरवून आणतात, बॅटरी उतरू नये म्हणून. पावसाळ्यात जाऊ नका, सगळं ताडपत्रीखाली असतं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

पण वर्षातला एक दिवस मात्र चुकवू नका, तो म्हणजे दसरा. दसऱ्याला घरातल्या प्रत्येक गाडीची पूजा होते, वर्षभर कव्हरखाली असलेली गाडीसुद्धा त्या दिवशी धुतली जाते, बोनेटवर हळद-कुंकू, जाळीला झेंडूचा हार. ज्या गल्लीत तुम्हाला वाटलं होतं काहीच नाही तिथे त्या सकाळी अचानक एखादी साठच्या दशकातली स्टँडर्ड हेराल्ड उभी दिसते. आणि मालकही खाली आलेला असतो, मूड चांगला असतो, बोलायला वेळ असतो.

३. कुठे जायचं

साधा हिशोब लक्षात ठेवा, जिथे जुनी बैठी घरं किंवा तीन-चार मजली बिल्डिंगी आहेत, झाडं आहेत आणि तीच कुटुंबं दोन-तीन पिढ्या राहतायत तिथे जुन्या गाड्या आहेत. टॉवर आले की गाड्या गेल्या.

पहिल्यांदा जाणार असाल तर हा रूट करा: मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरा, किंग्ज सर्कलकडे जा, तिथून फाइव्ह गार्डन्स, मग दादर पारशी कॉलनीच्या आतल्या गल्ल्या, तिथून हिंदू कॉलनी आणि शेवट दादर टीटी. सगळं सपाट, सावलीचं आणि माटुंग्यात इडली-कॉफी होतेच. पारशी कुटुंबांनी गाड्या ज्या मायेने ठेवल्यात तशा मुंबईत दुसरीकडे क्वचित बघायला मिळतात, सीटवर पांढरं कव्हर, क्रोम घासून चकचकीत आणि एकच मालक.

दुसऱ्या खेपेला बांद्र्यात रनवार, चॅपल रोड, पाली गावठाण. नंतर गिरगावात खोताची वाडी, माझगावला माथारपाखाडी, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्ल्या, पार्ले पूर्व. कुलाब्याची खुसरो बाग, भायखळ्याची रुस्तम बाग या खाजगी वसाहती आहेत, तिथे ओळखीचं कोणी असेल तरच आत जा, नाहीतर बाहेरच्या रस्त्यावरून जे दिसेल ते बघा. नेव्ही नगर आणि डॉकयार्डच्या आसपास फोन खिशातच ठेवा.

ऑपेरा हाउसचं स्पेअर पार्ट मार्केट आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड हे मात्र रविवारी नको, कामाच्या दिवशी जा. तिथे अख्खी गाडी दिसेलच असं नाही पण पार्ट दिसतात. जाळ्या, दिवे, व्हीलकॅप हातात घेऊन बघितलं की रस्त्यावर लांबून ओळखायची सवय लागते.

४. नंबर प्लेट वाचायला शिका

नवीन माणूस गाडीचा आकार बघतो. तुम्ही आधी प्लेट बघा.

एमएच आणि पुढे दोन आकडे ही पद्धत १९८९ च्या आसपास आली. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे चार आकड्यांपर्यंतचा नंबर असायचा. त्यात बीएमने सुरू होणारा नंबर म्हणजे जुन्या मुंबई राज्याच्या काळातली किंवा त्याच्या जवळपासची गाडी, एमने सुरू होणारा म्हणजे १९६० ला महाराष्ट्र झाल्यानंतरची. तीन अक्षरी नंबर दिसला की थांबायचंच, मग गाडी कितीही साधी दिसो.

एमएच नंबरमध्ये जिल्ह्याच्या कोडनंतर एकच अक्षर असेल तर साधारण जुनी सिरीज, दोन अक्षरं असतील तर नंतरची. मुंबईत ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, शेजारी ०४ ठाणे आणि ४३ नवी मुंबई, हे पाठ करून टाका, कारण गाडी मूळची कुठली याचा पहिला धागा तोच असतो.

काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं ही आधी खाजगी गाडीची खूण होती, २००० नंतरच्या बदलात खाजगी गाड्यांना पांढऱ्यावर काळं आलं. पण आता महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट बंधनकारक केल्यामुळे हाताने रंगवलेल्या, पितळी अक्षरांच्या सुंदर प्लेट्स निघून जातायत. अशी जुनी प्लेट अजून लागलेली दिसली तर गाडीइतकाच प्लेटकडे वेळ द्या.

आणि एक, नंबरमध्ये व्हीए अक्षरं दिसली तर ती ५० वर्षांवरची, व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदवलेली गाडी. हे नियम २०२१ मध्ये आले. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणजे तुम्हाला दिसली तर ती बहुतेक रॅलीला किंवा टेस्टला निघालीय.

यातला मोठा घोळ असा की जुनी गाडी दुसऱ्या राज्यातून आणून इथे पासिंग केली की तिला त्या वेळचा नवीन नंबर मिळतो. म्हणजे १९८५ ची कॉन्टेसा तुम्हाला अगदी अलीकडच्या सिरीजमध्ये दिसू शकते. त्यामुळे प्लेट जुनी तर गाडी जुनी हे बरोबर, पण प्लेट नवीन म्हणून गाडी नवीन असं धरू नका. एमपरिवहनवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, मॉडेल वगैरे बऱ्याचदा दिसतं. फक्त तेवढंच बघा, मालकाचा माग काढायला तो वापरू नका.

५. गाड्या ओळखायच्या कशा

सगळ्या एकदम शिकायला जाऊ नका. मुंबईत सुरुवात फियाटपासून, कारण ती इथलीच. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ, डिसोटो जोडल्या गेल्या आणि मग फियाट. कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव अजून आहे.

*डुक्कर फियाट:* १९५० च्या दशकातली, फुगीर नाकाची, गोलमटोल. पुढच्या दाराची कडी बघा. ही दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागरी मागे आणि उघडणारी बाजू पुढे. रस्त्यावर दिसली तर त्या दिवशी बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

*११०० डिलाइट ते पद्मिनी:* १९६४ पासून जवळजवळ तोच आकार २००० च्या आसपासपर्यंत बनला, म्हणून लांबून सगळ्या सारख्या दिसतात आणि इथेच खरी मजा आहे. जवळ जा आणि डिकीवरचं नाव वाचा. फियाट लिहिलंय म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. प्रीमियर प्रेसिडेंट लिहिलं असेल तर थांबा, कारण ते नाव फार थोडा काळ होतं, १९७४ पासून पद्मिनी झालं. मग काचेतून आत बघा. पुढची सीट सलग बाकासारखी आहे का, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालून निघालाय का, दाराच्या काचेला पुढे छोटी त्रिकोणी काच आहे का आणि ती अजून फिरते का. त्यानंतर खाली वाका. दाराखालची पट्टी, हेडलाइटच्या रिंगचा खालचा भाग आणि मागच्या चाकाची कमान, पद्मिनी पहिली सडते ती इथे. या तिन्ही जागी पत्रा ताठ आणि कड धारदार असेल तर गाडी खरंच जपलेली आहे. कड जाड, गुळगुळीत आणि थोडी लहरी दिसली तर आत पुट्टी भरलीय, वरून रंग कितीही चमको.

काळीपिवळी पद्मिनी मात्र शोधू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही अधिकृतपणे धंद्यावर नाही. आता दिसली तर ती शूटिंगची किंवा कोणीतरी आठवण म्हणून ठेवलेली.

*ॲम्बॅसेडर:* सगळ्या एकच वाटतात, फरक पुढच्या जाळीत आहे. १९६२ नंतरच्या मार्क टूला बारीक चौकड्यांची रुंद जाळी, १९७५ च्या मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या, १९७९ च्या मार्क फोरला लहान जाळी आणि मोठ्या चौकड्या. पण जाळी बदलणं सोपं असतं, त्यामुळे एकट्या जाळीवर निकाल देऊ नका, प्लेट आणि डॅशबोर्डही बघा. हिची आधीची लँडमास्टर दिसली तर नशीब समजा.

*स्टँडर्ड हेराल्ड:* मद्रासला बनायची, १९६१ पासून. ओळखायची सोपी खूण म्हणजे बोनेट आणि पुढचे मडगार्ड एकच तुकडा असतो आणि तो अख्खा पुढच्या बाजूला उघडतो, त्यामुळे पुढच्या चाकाच्या वर वेगळा जोड दिसत नाही. दोन दारांची असेल तर जास्त जुनी. १९७० च्या दशकातली गॅझेल ही तिचीच पुढची बहीण.

*कॉन्टेसा आणि ११८ एनई:* ऐंशीच्या दशकातल्या श्रीमंत घरच्या गाड्या. कॉन्टेसा १९८४ ची, चार गोल दिवे, लांबलचक बोनेट. ११८ एनई ही फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं इंजिन, अगदी डब्यासारखी चौकोनी. अजून दोन्ही दिसतात पण चालत्या कमी.

*मारुती ८००:* हसू नका, पण आज माझ्या मते शोधायला सगळ्यात अवघड आणि महत्त्वाची हीच आहे. डिसेंबर १९८३ ला आलेली पहिली चौकोनी ८०० फक्त १९८६ पर्यंत बनली, मग गोलसर बॉडी आली आणि ती २०१४ पर्यंत चालली. लोक गोलसर ८०० ला जुनी म्हणून फोटो काढतात आणि चौकोनीच्या शेजारून निघून जातात, कारण ती इतकी साधी दिसते. सरळ कापलेलं नाक, ताठ मागची बाजू, बारा इंची छोटी चाकं. तीन अक्षरी नंबर असेल तर सोन्याहून पिवळं.

*टाटा सिएरा:* १९९१, आपल्या पुण्याची. तीनच दारं आणि मागे छतापर्यंत वळलेली मोठी काच. ती काच फुटली की मिळणं मुश्किल, म्हणून अखंड मूळ काच असलेली सिएरा दिसली की नोंद करा.

*जीप:* यात सगळ्यात जास्त फसगत होते. उंच बोनेटची महिंद्रा जीप अनेक दशकं जवळपास त्याच रूपात बनत राहिली, त्यामुळे ती १९६५ ची असू शकते किंवा १९९५ ची, वर लोकांनी टायर, दिवे, रंग सगळं बदललेलं. दुसऱ्या महायुद्धातली खरी लष्करी जीप बोनेटने बुटकी असते आणि पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. मोजा आणि मगच बोला.

प्यूजो ३०९, ओपल ॲस्ट्रा, देवू सिएलो या नव्वदीतल्या गाड्यांकडे अजून कोणी बघत नाही. पार्ट मिळत नाहीत म्हणून त्या पद्मिनीपेक्षा लवकर संपतायत. बघून ठेवा.

६. कव्हरखालची गाडी

खूप गाड्या तुम्हाला कव्हरमध्येच भेटणार. कव्हर उचलू नका, अगदी कोपरासुद्धा. खालून चाक दिसतं तेवढं पुरतं, व्हीलकॅपचा आकार, टायरची जाडी, बंपर क्रोमचा आहे की प्लास्टिकचा. छताची रेष आणि डिकीची लांबी कव्हरवरूनही कळते, फियाटच्या मागच्या दोन शेपट्या, म्हणजे डिकीच्या दोन्ही बाजूंची वर आलेली टोकं, कव्हरला टोचून दिसतात. टायरमध्ये हवा आहे का बघा, हवा असेल तर कोणीतरी लक्ष ठेवून आहे.

रस्त्यावरच्या गाडीवर पालिकेची बेवारस वाहनाची नोटीस चिकटवलेली दिसली तर त्याच दिवशी सगळे फोटो काढा, आणि शेजारच्या दुकानदाराला मालकाबद्दल विचारा. कधीकधी मालक परगावी असतो आणि त्याला कोणी कळवलेलंच नसतं, तुमच्या एका चौकशीने गाडी वाचू शकते.

७. माणसांशी बोलणं

वॉचमनला आधी नमस्कार, "मामा, ती गाडी कोणाची हो, लांबून बघितली तर चालेल का?" एवढं पुरतं. नाही म्हणाले तर वाद घालू नका, पुढे चला.

मालक भेटले तर पहिला प्रश्न "काका, कुठल्या सालची?" हा ठेवा. पारशी कॉलनीत "अंकल" म्हणा. मग गप्प बसा आणि ऐका, नंबर कसा मिळाला, बुकिंग करून किती वर्षं थांबले, लोणावळ्याच्या घाटात गरम व्हायची म्हणून पाण्याचा कॅन कसा ठेवायचो, हे सगळं आपोआप येतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं.

एक प्रश्न मात्र कधीच विचारू नका: "विकायची आहे का?" दलाल येऊन हेच विचारतात आणि मालक लगेच मिटतात. नंतर दुसऱ्या कोणालाही ते गाडीजवळ येऊ देत नाहीत, म्हणजे नुकसान आपल्या सगळ्यांचं.

८. फोटो

पुढून, मागून, बाजूने, डिकीवरचं नाव, व्हीलकॅप आणि आत दिसत असेल तर डॅशबोर्ड, एवढे काढा. गाडीला टेकू नका, बोनेटवर पिशवी ठेवू नका, जुन्या रंगावर एक ओरखडा पडला की तोच रंग परत जुळत नाही. काचेला फोन टेकवण्याऐवजी हाताने सावली करा, आतलं नीट येतं. मूळ रंग, मूळ बॅज, डीलरचं जुनं स्टिकर, पेट्रोलपंपाचं स्टिकर हे जवळून घ्या, रिस्टोअर करताना पहिलं हेच उडतं.

९. नोंद ठेवा

वहीत तारीख, भाग, मॉडेल, रंग, प्लेट कुठल्या प्रकारची आणि गाडी चालू आहे की उभी, एवढं लिहा. पावसाळा संपला की त्याच गल्लीत परत जा आणि ताडून बघा. ज्या बिल्डिंगवर रिडेव्हलपमेंटचा बोर्ड लागलाय तिथे आधी जा.

फोटो ऑनलाइन टाकणार असाल तर नंबर झाकाच, आणि गल्लीचं किंवा बिल्डिंगचं नाव लिहू नका, नुसतं दादर किंवा बांद्रा पुरे. व्हीलकॅप, बॅज, त्रिकोणी काचा यांना बाजारात चांगला भाव आहे आणि रात्री रस्त्यावरच्या गाडीवरून त्या काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पत्ता कोणी मेसेज करून मागितला तरी देऊ नका, तो माणूस खरा शौकीन असेल तर त्याला म्हणावं रविवारी सकाळी सातला माटुंगा स्टेशनला भेट, सोबत चालू.